चित्रातलं वजन

(गोव्यात फोंडा इथं कलाविद्यार्थी आणि हौशी छायाचित्रकार यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नमस्कार.

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट, तुम्ही सगळ्यांनी बांधलेली आहे, निदान बांधताना पाहिलेली तरी आहे. चौकट टांगून झाली, आंब्याचे टाळे लागले, एका बाजूला केळ्यांचा घड चढला, की घरातलं कुणीतरी चार पावलं मागं सरतं आणि म्हणतं, "पलीकडची बाजू हलकी दिसते." मग तिथं काय लावायचं याची चर्चा सुरू होते. नारळांची पेंड लावली तर प्रश्नच मिटतो. पण एखादी जाणती आजी वेगळंच सुचवते. ती म्हणते, तिथं चार-पाच कवंडळं लावा. आता कवंडळ हे लिंबाएवढं फळ. केळ्यांचा घड उचलायला दोन माणसं लागतात आणि ही कवंडळं एका ओंजळीत मावतात. तरीही ती लावली की बाजू भरते आणि माटोळी स्थिर दिसायला लागते.

हे कसं होतं, यावर मी आज बोलणार आहे. दोरीला किलोचं वजन कळतं, डोळ्याला ते कळत नाही. कुठली गोष्ट आपल्याला ओढते आणि किती जोरानं ओढते, एवढंच डोळा जाणतो. गर्द हिरव्या पानांच्या दाटीत ते लालभडक फळ डोळ्याला जी ओढ लावतं, तेच त्याचं चित्रातलं वजन.

चित्रकलेच्या एलिमेंट्री, इंटरमीजिएट परीक्षांना बसलेल्यांना संकल्पचित्राची तत्त्वं पाठ असतील: तोल, विरोध (म्हणजे शेजारच्या गोष्टींतला ठळक फरक), लय, प्रमाण, एकसंधता. ती एकाखाली एक लिहिलेली असतात आणि तशीच सुटी सुटी शिकली जातात. मुलं डावीकडे एक फूल काढतात, उजवीकडे तसंच दुसरं काढतात, म्हणजे तोल झाला. मग पार्श्वभूमी गडद करतात, म्हणजे विरोध झाला. इतकी वर्षं शिकवताना मला हे पाहून वाईट वाटत आलं आहे, कारण मुलांचे हात चांगले असतात, पण या दोन तत्त्वांचं एकमेकांशी काय नातं आहे ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते नातं असं: चित्रात वजन तयार होतं विरोधामुळे, आणि तोल साधायचा तो त्या वजनाचा. विरोधच नसेल तर तोलायला काही उरत नाही. म्हणून आधी विरोध पाहायचा आणि मग तोल. पाठ्यपुस्तकात क्रम काहीही असो.

विरोधाकडे डोळा का ओढला जातो, याचं कारण आपल्या शरीरातच आहे. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. तिथल्या एका पेशीवर प्रकाश पडला की तिचा संदेश पुढं जाताना शेजारच्या पेशींचे संदेश थोडे दाबले जातात. भिंत सगळीकडे सारखीच पांढरी असेल तर प्रत्येक जण प्रत्येकाला दाबतो आणि मेंदूकडे फारसं काही पोचत नाही. पण त्या भिंतीवर काळी चौकट असेल, तर जिथं पांढरं संपून काळं सुरू होतं त्या कडेवर हा दाब असमान होतो, आणि ती कड प्रत्यक्षात असते त्याहून ठळक दिसते. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं 1865 मध्ये याचा एक सुंदर पुरावा दिला. करड्या रंगाच्या दोन छटा एकमेकींत विरघळत जातात तिथं, प्रत्यक्षात नसलेली एक उजळ आणि एक गडद पट्टी डोळ्याला दिसते. त्यांना आजही माखच्या पट्ट्या म्हणतात. सारांश, डोळा जगातले फरक टिपतो. फरक नसेल तिथून तो पुढं सरकतो.

रंगांच्या बाबतीत हे आधीच लक्षात आलं होतं, आणि तेही एका कारखान्यात. पॅरिसच्या गोब्लाँ या गालिचे आणि भित्तिवस्त्रं विणणाऱ्या सरकारी कारखान्यात मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा रंग कमी पडतो, फिका दिसतो. त्यांनी काळी लोकर तपासली, इतर कारखान्यांच्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काही दोष नव्हता. काळ्या धाग्याच्या शेजारी निळा आणि जांभळा धागा विणला होता, म्हणून तो निस्तेज दिसत होता. शेजार बदलला की काळा पुन्हा काळा. 1839 मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर प्रसिद्ध केलं आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या चित्रकारांनी त्याचा अभ्यास केला. आपण दुकानात साडी निवडताना ती नुसती पाहत नाही, ब्लाउजपीस तिच्यावर ठेवून पाहतो, तेव्हा नेमकं हेच तपासत असतो.

तर कुठल्या गोष्टीचं वजन जास्त? मोठ्या आकाराचं जास्त, हे उघड आहे. उजळ कागदावर गडद डागाचं जास्त. निळ्या-हिरव्यापेक्षा लाल-केशरी उष्ण रंगाचं जास्त. सपाट जागेपेक्षा बारीक नक्षी असलेल्या जागेचं जास्त. घोळक्यातल्या वस्तूपेक्षा एकट्या पडलेल्या वस्तूचं जास्त. आणि या सगळ्यांवर मात करतो तो माणसाचा चेहरा. दोन हात लांबीच्या निसर्गचित्रात नखाएवढा चेहरा काढा, पाहणारा आधी तिथंच जाईल. चेहऱ्यात डोळे असतील तर ते डोळे जिकडे पाहतात त्या दिशेलाही वजन येतं. म्हणून व्यक्तिचित्रात माणूस डावीकडे बसलेला असून उजवीकडे पाहत असेल, तर उजवीकडची रिकामी जागा रिकामी वाटत नाही.

वजनाइतकंच महत्त्व जागेला आहे. बागेतल्या सी-सॉवर बाप आणि लहान पोर बसतात तेव्हा बाप मध्याजवळ सरकतो आणि पोर पार टोकाला बसतं, तरच फळी समपातळीत राहते. चित्रातही तसंच चालतं. मध्याजवळचा मोठा आकार आणि कडेजवळचा छोटा, पण जोरदार विरोध असलेला आकार एकमेकांना सांभाळतात. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, साधारण 1831 ची, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. डावीकडून अख्खं चित्र गिळायला निघालेली लाट आणि खाली, दूर, एवढासा फुजी पर्वत. लाटेत सगळी हालचाल आहे, फेसाच्या बोटांची बारीक नक्षी आहे. फुजीत काहीच हलत नाही. तो साधा त्रिकोण आहे, बर्फाची टोपी घातलेला. त्या एवढ्या गोंधळात एकच गोष्ट शांत असल्यामुळे डोळा शेवटी तिथं जाऊन टेकतो. हालचाल आणि स्थिरता यांचाही विरोध असतो आणि त्यालाही वजन असतं, हे त्या चित्रातून शिकावं.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. कारण हे सगळं पाहायला आपल्याला पॅरिसला किंवा जपानला जायची गरज नाही.

पणजीचं चर्च घ्या. मधोमध घंटेची उंच कमान, दोन्ही बाजूंना मनोरे आणि खाली दोन्हीकडे सारखे वळत जाणारे पायऱ्यांचे टप्पे. मध्ये आरसा धरला तरी चित्र बदलणार नाही. हा सममित तोल. तो भव्य असतो, निश्चिंत असतो आणि प्रार्थनास्थळाला शोभतो. आपल्या देवळांतही गाभारा, चौक आणि सभामंडप एका अक्षावर असतात ते याचसाठी: माणूस आत येतो तो सरळ देवासमोर यावा. पण फोटो काढणाऱ्यांना हाच तोल अडचणीत आणतो, कारण इमारतीचा तोल म्हणजे फोटोचा तोल असं त्यांना वाटतं. पणजीच्या चर्चचे हजारो फोटो एकसारखे दिसतात ते त्यामुळे. एकदा असं करून पाहा. पायऱ्यांच्या एका बाजूच्या वळणावर गडद कपड्यांतलं एखादं माणूस येईपर्यंत थांबा. त्या पांढऱ्या विस्तारात तो एवढासा गडद ठिपका सगळी समतोल रचना आपल्याकडे खेचतो. मग तुम्हाला चौकट थोडी सरकवावी लागते, आणि तिथून तुमचा स्वतःचा फोटो सुरू होतो.

जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल मला त्याहून जास्त शिकवतं. त्याच्या दर्शनी भागाला मुळात दोन मनोरे होते. 1776 मध्ये उत्तरेकडचा मनोरा कोसळला आणि तो पुन्हा कधी बांधला गेला नाही. दक्षिणेकडचा उरला, गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा त्यातच आहे. म्हणजे सममितीसाठी आखलेली इमारत गेली जवळजवळ अडीचशे वर्षं असममित उभी आहे. समोर उभं राहिलं की डावीकडे मनोरा, मध्ये उंच त्रिकोणी शिरोभाग आणि उजवीकडे अचानक खाली उतरलेला खांदा, त्यावर मोकळं आकाश.

विद्यार्थ्यांना तिथं नेलं की त्यांचा पहिला फोटो ठरलेला असतो. मुख्य दरवाजा चौकटीच्या बरोबर मध्ये. फोटो पाहिला की ते स्वतःच म्हणतात, डावीकडे कलल्यासारखा वाटतो. मग मी त्यांना सांगतो, दरवाजा मध्यातून डावीकडे सरकवा आणि उजवीकडे आकाश वाढवा. आणखी वाढवा. एका ठिकाणी येऊन फोटो स्थिर होतो. उजवीकडे काही आणून ठेवलेलं नसतं, फक्त मोकळी जागा मोठी झालेली असते. दगडाच्या मनोऱ्याला आकाशाच्या एका मोठ्या तुकड्यानं तोलून धरलेलं असतं. रिकाम्या जागेलाही वजन असतं, हे मी फळ्यावर कितीही सांगितलं तरी पटत नाही, तिथं दोन पावलं सरकल्यावर पटतं. पावसाळ्यात जाल तर आकाश ढगाळ आणि गडद असतं, चुन्यानं रंगवलेली भिंत उजळून दिसते आणि तेवढाच तोल साधायला आकाश कमी लागतं. एप्रिल-मेच्या दुपारी पांढरं आकाश आणि पांढरी भिंत यांत विरोध उरत नाही, तेव्हा कितीही आकाश घेतलं तरी ते हलकंच राहतं. तेच कॅथेड्रल, तीच जागा, आणि विरोध बदलला म्हणून तोलाचं गणित बदललं.

रस्त्याच्या पलीकडे बॉम जेझूस चर्च आहे. इकडे पांढरा चुना, तिकडे उघडा लाल चिरा आणि त्यात काळसर बसाल्टची नक्षी. गोव्यातल्या चर्चच्या रांगेत ते वेगळं उठून दिसतं म्हणून छायाचित्रकारांचं ते फार लाडकं. पण त्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढला गेला, मुळात तेही गिलावा केलेलंच होतं. चिरा सच्छिद्र असतो, पाऊस पितो, गिलाव्याशिवाय तो झिजतो. डोळ्याला आवडणारा विरोध आणि दगडाचं आयुष्य यांत निवड करायची वेळ आली तर दगडाचं आयुष्य निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र आपल्याला दुसरंही मिळेल.

आता एक फार महत्त्वाचा मुद्दा, आणि नवशिके सगळ्यात जास्त अडखळतात ते इथंच. विरोध एकाच जातीचा नसतो. रंगाचा विरोध वेगळा आणि छटेचा, म्हणजे उजळ-गडदाचा, विरोध वेगळा. माटोळीतल्या त्या कवंडळाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. मघाशी डोळ्यात भरणारं ते लाल फळ पानांत जवळजवळ हरवलेलं असेल. जास्वंदीच्या झाडाचंही तेच होतं. लाल आणि हिरवा हे रंग म्हणून समोरासमोर उभे असतात, पण दोघांची छटा पुष्कळदा सारखीच मध्यम गडद असते. म्हणजे त्या फळाचं सगळं वजन केवळ रंगातून आलेलं होतं. वर्तमानपत्राच्या काळ्या-पांढऱ्या पानावर ते नाहीसं होईल, संध्याकाळच्या मंद उजेडात नाहीसं होईल, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही त्यांच्यासाठी तर ते कधी नव्हतंच.

तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ पावसाळ्यात पाहिलंत तर हाच अनुभव येईल. कदंबांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं देऊळ, मागं सह्याद्रीचं रान. प्रत्यक्षात काय देखणं दिसतं, आणि फोटोत मात्र काळा दगड गर्द हिरव्यात बुडून जातो. छटा जवळजवळ एकच. तिथं सकाळची तिरपी उन्हं शिखराच्या एका बाजूवर पडेपर्यंत थांबावं लागतं, मग दगडाला कड येते. चित्रकारांनी यासाठी जुना उपाय सांगून ठेवला आहे: डोळे किलकिले करून पाहा. पापण्या अर्ध्या मिटल्या की तपशील आणि रंग मागं पडतात, छटा तेवढ्या उरतात. चित्र रंगवताना दर थोड्या वेळानं हे करायची सवय लावा. छटेनं उभं राहिलेलं चित्र रंगात सहसा फसत नाही. उलट मात्र होत नाही.

छटेचा आणि रंगाचा विरोध दोन्ही एकदम वापरणारी एक कला आपल्याकडे आहे, ती म्हणजे कावी. पेडणे तालुक्यात मोरजीला मोरजाईच्या देवळात ती पाहता येते. तिच्यावर थोडं थांबतो, कारण रचनेचा इतका कठोर अभ्यास मला दुसरीकडे क्वचित दिसला.

शिंपल्यांचा चुना आणि धुतलेली वाळू गुळाच्या पाण्यात कालवून मुरवतात, कुटतात आणि त्याचा पांढरा गिलावा भिंतीवर चढवतात. त्यावर हुरमुंजीसारख्या तांबड्या मातीच्या रंगाचा पातळ थर देतात आणि घोटून गुळगुळीत करतात. थर ओलसर आहे तोवरच टोकदार लोखंडी हत्यारानं तो लाल थर खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा उघडा पडतो. रंग दोनच. मधली छटा नाही, ब्रश नाही, खोडरबर नाही. खरवडलं ते गेलं, आणि भिंत वाळली की काम संपलं.

आता त्या कारागिराच्या जागी स्वतःला ठेवा. भिंतीवर कमळ काढायचं आहे. दोन वाटा आहेत. पाकळ्या लाल ठेवायच्या आणि भोवतीची सगळी जागा खरवडून पांढरी करायची, किंवा भोवती लाल तसंच ठेवून पाकळ्यांच्या फक्त रेषा पांढऱ्या काढायच्या. पहिल्या वाटेत कमळ जड होतं, भिंतीवर ठेवल्यासारखं पुढं येतं. दुसऱ्या वाटेत ते हलकं होतं, लाल अंगणात काढलेल्या रांगोळीसारखं भिंतीतच राहतं. दोन्ही चालतं, पण ठरवावं आधी लागतं. आणि एक सापळा आहे. लाल आणि पांढरा बरोबर निम्मा-निम्मा झाला तर डोळ्याला कळेनासं होतं की आकृती कुठली आणि पार्श्वभूमी कुठली. कधी लाल पुढं येतो, कधी पांढरा. काठाच्या पट्टीत, त्रिकोणांच्या किंवा चौकटींच्या रांगेत हा लपंडाव छान दिसतो, पट्टीला त्यामुळे लय येते. तोच देवाच्या आकृतीत झाला तर आकृती विस्कटते. म्हणून काठ आणि मधली आकृती यांत दोन रंगांचं प्रमाण वेगळं ठेवावं लागतं. विरोध तोच, प्रमाण बदललं की त्याचं काम बदलतं.

जीर्णोद्धाराच्या वेळी अशा भिंती पाडल्या गेल्या, त्यांवर टाइल्स किंवा ऑइलपेंट आला, हे तुम्ही आपापल्या गावांत पाहिलं असेल. तुमच्यापैकी ज्यांच्या गावच्या देवळात कावीचा एक हात लांबीचाही तुकडा शिल्लक असेल, त्यांनी तो मोजून, कागदावर उतरवून आणि फोटो काढून ठेवावा. देवस्थान समितीतल्या मंडळींशी बोलावं. ती पुन्हा काढता येणारी गोष्ट नाही.

प्रमाणाचा विषय निघाला आहे तर जर्मन कवी ग्योटेनं मांडलेले काही आकडे सांगतो. शुद्ध रंगांच्या उजळपणाला त्यानं अंक दिले: पिवळा 9, केशरी 8, लाल 6, हिरवा 6, निळा 4, जांभळा 3. पुढं बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटेननं यावरून क्षेत्रफळाचं प्रमाण मांडलं. पिवळ्याची ताकद जांभळ्याच्या तिप्पट, तेव्हा एक भाग पिवळ्याला तीन भाग जांभळा हवा. केशरी आणि निळ्याचं प्रमाण एकास दोन. लाल आणि हिरवा समसमान. हे अनुभवातून आलेले आकडे आहेत, मोजपट्टीनं काढलेले नाहीत, आणि रंग अगदी शुद्ध असतील तेव्हाच ते लागू पडतात. मग माटोळीत एवढंसं लाल एवढ्या हिरव्याला कसं पुरतं? कारण तिथला हिरवा शुद्ध नाही. आंब्याच्या जून पानांचा हिरवा गडद आणि मळकट असतो, त्याची धार गेलेली असते, आणि अशा मंद रंगाच्या पसाऱ्यात शुद्ध लालाचा थेंबही पुरतो. हा विरोध शुद्ध आणि मंद यांचा, त्याची जात पुन्हा वेगळी. पणजीत फोंतायन्यास या जुन्या वस्तीत फिरताना पाहा, मोठ्या भिंती ऊन खाऊन विटलेल्या पिवळ्या-निळ्या असतात आणि खिडक्यांच्या कडा लख्ख पांढऱ्या. कडा रुंदीला फार तर वीतभर, पण घराचा आकार त्याच धरून ठेवतात.

आता चित्रकारांकडे. बोरीचा पूल ओलांडला की लोटली, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं गाव. त्यांची गर्दीची चित्रं आठवा. माणसं, कुत्री, मांजरं, नक्षीदार फरशी, रेघारेघांचे शर्ट, एक इंच जागा रिकामी नाही. तरी चित्र पाहताना डोळा दमत नाही. याचं एक मोठं कारण काळ्या शाईच्या भरीव जागांत आहे. बाकी सगळं रेषांनी आणि नक्षीनं बनलेलं असतं, म्हणजे लांबून ते एक करडं कापडच. त्यात एखादा काळा कोट, एखादीचे काळे केस, कुठं काळोखा दरवाजा. त्या काळ्या जागांवरून डोळा उड्या मारत चित्रभर फिरतो. घरी त्यांच्या चित्रांचं पुस्तक असेल तर पानावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त भरीव काळे आकार उतरवून घ्या. उरलेलं चित्र काढून टाका. त्या मोजक्या काळ्या डागांची मांडणी पाहिल्यावर चित्राचा सांगाडा हाती लागतो. वरवर विनोदी वाटणाऱ्या चित्रामागं रचनेचं केवढं भान आहे ते मला तरी असं उतरवून घेतल्यावरच कळलं.

गोव्यात जन्मलेले मुखपृष्ठ-चित्रकार दीनानाथ दलाल यांना वेगळी अडचण होती. मुखपृष्ठावर चित्राबरोबर नावाची अक्षरंही येतात, आणि अक्षरांना स्वतःचं वजन असतं. त्यांच्या 'दीपावली' या दिवाळी अंकाचे जुने अंक कुठल्या ग्रंथालयात मिळाले तर ते हातात घेऊन पाहा आणि शीर्षकाची अक्षरं अंगठ्यानं झाका. रचना कुठं सैल पडते ते पाहा. मुखपृष्ठात अक्षरं नंतर चिकटवायची नसतात, पहिल्या कच्च्या आराखड्यातच त्यांची जागा ठरते. पोस्टर करणाऱ्या मुलांनी हे मनावर घ्यावं. आधी चित्र पूर्ण करून मग मजकुराला जागा शोधत बसलं की तोल जातोच.

शेवटी दोन टोकांची दोन माणसं. दोघंही 1924 साली जन्मलेली. फ्रान्सिस न्यूटन सूझा साळगावचे आणि वासुदेव गायतोंडे जन्मानं नागपूरचे, मूळ गोव्याच्या घरातले. सूझांच्या चित्रांतली जाड काळी रेष आपल्याला माहीत आहे. चेहऱ्याला कोयत्यानं कापल्यासारखी ती येते, विरोध अगदी टोकाला नेते. याच सूझांनी 1960 च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये काळ्यावर काळ्यानं चित्रं रंगवली. छटेचा विरोध शून्य, रंगाचा शून्य. मग दिसतं काय? दिसतात ते रंगाच्या जाड थरातले ब्रशचे चर. एका दिशेनं ओढलेल्या फटकाऱ्यावर उजेड चमकतो, दुसऱ्या दिशेच्या फटकाऱ्यावर चमकत नाही, आणि त्यातून चेहरा उभा राहतो. पाहणारा जागचा हलला की चित्र बदलतं. छापील पानावर ही चित्रं जवळजवळ मरतात. विरोधाची सगळी ओळखीची साधनं फेकून देऊन त्यांनी एकच ठेवलं: पोत आणि त्यावर पडणारा प्रकाश. आयुष्यभर जोरकस विरोधावर हुकमत असलेल्या माणसानं हे करावं, याला फार मोठं धैर्य लागतं असं मला वाटतं.

गायतोंडे उलट वाटेनं त्याच प्रश्नाकडे गेले. उंच उभा कॅनव्हास, त्यावर रोलरनं आणि सुरीनं चढवलेले आणि काढलेले रंगाचे थर, बहुतेक जागा एकाच रंगाच्या इतक्या जवळच्या छटांची की कड सापडत नाही. आणि त्यात कुठं तरी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या, पण कुठल्याही लिपीच्या नसलेल्या थोड्या खुणा. भोवतीचा सगळा पसारा शांत असल्यामुळे त्या बारीक खुणांना प्रचंड वजन येतं. त्यातली एक खूण बोटभर खाली सरकली असती तर काय झालं असतं, असा प्रश्न त्यांच्या चित्रासमोर उभं राहून स्वतःला विचारावा. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा जगानं त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं. आपण गोव्यात त्यांच्याबद्दल पुरेसं बोलत नाही, याची मला खंत आहे.

बोलणं इथं थांबवतो, कारण पुढचा अर्धा तास तुमच्या हातांना काम द्यायचं आहे. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद मिळेल आणि मागच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं आहेत. त्यांतून काडेपेटीएवढा एक काळा तुकडा कापा. मजकुराच्या कॉलमांचे तीन तुकडे घ्या, ते लांबून करडे दिसतात. आणि एखाद्या जाहिरातीतून नखाएवढा लाल तुकडा घ्या. काळा तुकडा मधोमध ठेवायचा नाही आणि दोन्ही बाजू सारख्या करायच्या नाहीत. काळा आणि करडे एकदा ठेवले की ते हलवायचे नाहीत, फक्त लाल तुकडा सरकवत राहायचा, कागद स्थिर वाटेपर्यंत. मग मोबाइलनं त्याचा कृष्णधवल फोटो काढा. फोटोत रचना पुन्हा कलली, तर लाल तुकडा नुसत्या रंगाच्या जोरावर काम करत होता असं समजा आणि त्याच्या खाली त्याहून थोडा मोठा काळा तुकडा सरकवून पाहा. कात्र्या कमी आहेत, दोघांत एक घ्या. गोंद मी सगळ्यात शेवटी देईन.